दादाला न सांगता त्याच्या सीओ साहेबांना पत्र लिहू का?

*ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून 29 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोरला भाऊ फौजेत हवालदार आहे, नोकरीला 13 वर्षं झाली. गेल्या आठ वर्षांत त्याची तिसरी अवघड नेमणूक चालू आहे. आधी काश्मिरात राष्ट्रीय रायफल्स, मग 2020 पासून पूर्व लडाख, त्यानंतर जेमतेम दीड वर्ष ‘पीस’ म्हणजे शांत ठिकाणची नेमणूक आणि आता पुन्हा उंचावर. वडील स्वतः निवृत्त सुभेदार. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली, पण बोलणं शाबूत आहे, डावा हात चालतो. घरात आई, वहिनी आणि सात वर्षांचा पुतण्या. ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याच्या जमिनीवरून चुलत्यांशी दावा चालू आहे. मागच्या सुट्टीत दादा रात्री दोन वाजता उठून दारं-खिडक्या तपासायचा, एकदा मुलावर हात उगारला आणि सुट्टीचे चार दिवस शिल्लक असतानाच निघून गेला. घराजवळ बदलीसाठी अर्ज करायला तो तयार नाही. “माझी पोरं वर आहेत आणि मी खाली येऊ?” म्हणतो. वहिनी म्हणतात, “भावोजी, तुम्हीच त्यांच्या साहेबांना लिहा, यांना कळू देऊ नका.” वडील म्हणतात, “सैनिकाचं कामच हे. सही करताना माहीत होतं त्याला.” वाचकाला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं आहे आणि दोन महिन्यांत उत्तर द्यायचं आहे. त्यांनी विचारलं आहे: फौज माणसावर झेपणार नाही इतका भार टाकते का? आणि दादाच्या नकळत पत्र लिहावं का?*

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला मुदत आहे. नाही, दादाच्या नकळत पत्र लिहू नका. निदान आत्ता नाही. कोणत्या परिस्थितीत लिहायचं, किंबहुना एक तासही न थांबता फोन करायचा, ते पुढे सांगते.

घरच्यांचं पत्र सीओ साहेबांकडे, म्हणजे युनिटच्या प्रमुखांकडे, गेलं तर ते केराच्या टोपलीत जात नाही. दादाला बोलावून विचारतील. कदाचित सुभेदार मेजर साहेब आधी विचारतील, कदाचित कंपनी कमांडर. आणि त्या क्षणी दादाला पहिली गोष्ट कळेल ती ही, की घरात सगळ्यांनी मिळून त्याच्याबद्दल काहीतरी ठरवलं आणि ते त्याला सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं. ज्या माणसाला मध्यरात्री उठून दारं तपासावीशी वाटतात, त्याचा घरावरचा विश्वास अशा वेळी जपायला हवा. शिवाय अनुकंपेच्या कारणावरून बदली हवी असेल तर अर्ज जवानाचा स्वतःचा लागतो, तोही युनिटमार्फत. तुमच्या पत्राने बदली होणार नाहीच, चौकशी मात्र होईल.

आता पहिला प्रश्न. बाबा आणि वहिनी एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. दोघंही ‘भार’ म्हणजे एकच गाठोडं समजत आहेत. बाबा म्हणतात ते उचलायचंच असतं, वहिनी म्हणतात ते फार झालं. ते गाठोडं आधी सोडून बघू या.

एक भार जागेचा. उंची, थंडी, विरळ हवा, गोळी. हा दिसतो, म्हणून त्याचा हिशेब फौजेने मांडलेला असतो. सियाचीनवर आपलं सैन्य एप्रिल 1984 पासून आहे आणि तिथे शत्रूपेक्षा हवामानाने जास्त माणसं घेतली. म्हणून तर वरच्या चौकीवर माणसाला साधारण तीन महिन्यांहून जास्त ठेवत नाहीत, हळूहळू चढवतात, मग उतरवतात. या भाराबद्दल बाबा बरोबर आहेत. तो दादाला माहीत होता, त्यासाठी त्याला तयार केलं गेलं, आणि मला वाटतं त्याला त्याचा अभिमानही आहे.

दुसरा भार तारखेचा, आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. माझा थोरला भाऊ तोफखान्यात होता. संसदेवर हल्ला झाला आणि डिसेंबर 2001 मध्ये ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं तेव्हा त्याची रेजिमेंट राजस्थानात सीमेवर गेली. जाताना आईला म्हणाला, पंधरा-वीस दिवसांत काय ते होऊन जाईल. मग संक्रांत गेली, होळी गेली, वाळूतला मे महिना गेला. दर फोनवर ‘पुढच्या महिन्यात’. सैन्य मागे घ्यायचा निर्णय ऑक्टोबर 2002 मध्ये झाला. दहा महिने, आणि युद्ध झालंच नाही. पण त्या काळात सुरुंग, दारूगोळा हाताळताना झालेले अपघात आणि गाड्यांचे अपघात यांत मिळून 798 जवान गेले, असं पुढे सरकारने संसदेत सांगितलं. माझा भाऊ धडधाकट परत आला. तरी कितीतरी वर्षं त्याला कुणी “पुढच्या महिन्यात बघू” म्हटलं की त्याचा चेहरा बदलायचा. उन्हाबद्दल तो कधी बोलला नाही. तारीख नसण्याबद्दल बोलायचा.

हे माझ्या घरापुरतं नाही. ब्रिटिश सैनिकांवर लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत 13 महिने किंवा त्याहून जास्त काळ मोहिमेवर गेलेल्यांमध्ये मानसिक आघाताची लक्षणं, घरचे प्रश्न आणि दारूचा त्रास जास्त आढळला. आणि मोहीम सांगितलेल्या मुदतीपेक्षा लांबली होती, तिथे त्रास आणखी वाढलेला दिसला. म्हणजे नुसते महिने मोजून भागत नाही. दिलेली तारीख मोडणं हे एक वेगळंच ओझं आहे. त्याच वर्षी अमेरिकेने इराक आणि अफगाणिस्तानातल्या आपल्या लष्कराच्या खेपा 12 महिन्यांवरून 15 महिन्यांवर नेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांना परत 12 वर यावं लागलं. त्या सैन्याच्या स्वतःच्या पाहणीत, पहिल्यांदा गेलेल्या हवालदार-नायकांच्या पातळीवरच्या लोकांपेक्षा तिसऱ्या-चौथ्या खेपेला गेलेल्यांमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. अनुभवाने माणूस निबर होतो, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. दोन खेपांच्या मध्ये तो किती भरून येतो, यावर सगळं असतं.

म्हणून बाबांच्या “सही करताना माहीत होतं” याला माझं उत्तर असं: पहिल्या नेमणुकीचं माहीत होतं. आठ वर्षांत तिसरी आणि मध्ये दीडच वर्ष, हे कुणाला माहीत होतं? चिनी सैन्याशी गलवानची झटापट झाली ती जून 2020 मध्ये. त्यानंतर हजारो जास्तीचे जवान पूर्व लडाखच्या हिवाळ्यात उभे राहिले ते कुठल्या ठरलेल्या वेळापत्रकाने नव्हे. देशाला ते करावं लागलं, मला ते मान्य आहे. पण करावं लागलं म्हणून ते हलकं होत नाही. आणि जड आहे असं म्हणणं म्हणजे फौजेला नावं ठेवणं नव्हे, हे तुमच्या घरात एकदा मोठ्याने बोललं जायला हवं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो’ असं आहे: तुमच्या दादावर या घटकेला जास्त भार आहे. फौज वाईट आहे म्हणून नव्हे. दोन अवघड नेमणुकांमधली विश्रांती अपुरी पडली, आणि त्यातच घर आजारी पडलं.

कारण तिसरा भार तुमच्या घरातून रोज वर जातो, मोबाइलवरून. बाबा श्रीलंकेत शांतिसेनेत होते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. 1987 ते 1990 च्या त्या काळात पत्र जायला-यायला आठवडे लागायचे. आईने भांडण लिहिलं तरी बाबांच्या हातात पडेपर्यंत ते मिटलेलं असायचं. आज दादा ड्यूटीवरून येतो, कसंबसं नेटवर्क मिळतं आणि दहा मिनिटांत त्याला बाबांचं ब्लड प्रेशर, चुलत्यांची नोटीस, मुलाचे गणितातले मार्क आणि वहिनींचे हुंदके सगळं ऐकू येतं. त्यातलं एकही तो तिथून सोडवू शकत नाही. मग फोन कटतो. उरलेली रात्र त्याची.

आपण ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ भागात राहतो, म्हणून एक आठवण देते. आपलं हे गाव म्हणजे मुळात तळ. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि तिचंच शहर झालं. त्या काळच्या मराठी फौजा दसऱ्याला शिलंगण करून निघायच्या, पावसाळ्यात छावणी करायच्या, आणि बाजार, बायका-मुलं यांचा मोठा लवाजमा तळाबरोबरच असायचा. त्याचे हालही फार झाले, मी त्या दिवसांना चांगलं म्हणत नाही. पण मोहिमेला ऋतू होता आणि घर डोळ्यांसमोर होतं. आजच्या जवानाला दोन्ही नाही. फील्डवर, म्हणजे सीमेवरच्या अवघड नेमणुकीवर, कुटुंब नेता येत नाही, आणि घर कानात मात्र सतत वाजत असतं.

हा तिसरा भार तुम्ही स्वतः कमी करू शकता. त्याला सीओ साहेब लागत नाहीत.

जमिनीच्या दाव्यापासून सुरुवात करा. ‘भारतीय सैनिक (दावे) कायदा, 1925’ असा एक जुना कायदा आहे. विशेष परिस्थितीत सेवा बजावणारा जवान खटल्यात पक्षकार असेल आणि हजर राहू शकत नसेल, तर दिवाणी आणि महसुली न्यायालयातलं काम काही अटींवर त्याच्यासाठी थांबवता येतं. तुमच्या वकिलांना हा कायदा नावानिशी विचारा. तहसिलातल्या वकिलांना तो नेहमी आठवतोच असं नाही. दादाच्या युनिटचं प्रमाणपत्र लागेल, ते मागायला त्याला काहीच कमीपणा नाही. ग्वाल्हेरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा. बाबा माजी सैनिक आहेत, तुमचा तिथे दुहेरी हक्क आहे. मग दादाला फोनवर एवढंच सांगा: कोर्टाच्या तारखेची काळजी नको, मी बघतोय. रोज नाही, एकदाच.

बातम्यांना वार ठरवा. घरची अडचण रविवारी, एकाच माणसाने सांगायची, आणि तो माणूस तुम्ही. बाकीचे दिवस वहिनींचे आणि मुलाचे. यात लपवाछपवी नको. बाबा पडले तर त्याला त्याच दिवशी कळलंच पाहिजे, नाहीतर तो प्रत्येक ‘सगळं ठीक’वर संशय घेईल. मी फक्त एवढंच म्हणतेय की त्याला गोष्ट संपूर्ण कळावी, तुकड्या-तुकड्यांत चार तोंडांनी नको.

आता थोडं नाजूक बोलते. पुण्याच्या नोकरीचं तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय, पण मला ते पत्राचं मधलं पान वाटलं. दादा खाली आला तर तुम्हाला जाता येईल, नाही का? हे मनात येणं पाप नाही. गेलं वर्षभर बाबांना उठवणं-बसवणं, औषधं, कोर्टाच्या फेऱ्या तुम्ही केल्यात. तुमच्याही वाट्याला एक नेमणूक आलीच आहे, आणि तुम्हाला तर त्याची रजा नाही. पण दादाला “तुझ्या भल्यासाठी ये” म्हणताना पोटात “म्हणजे मी सुटेन” असेल, तर त्याला ते ऐकू येईल. फौजी माणसाला सांगणाऱ्याच्या आवाजातलं बरोबर कळतं. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आणि उघड सांगा. मला पुण्याला जायचंय, हे एक. मला तुझी काळजी वाटतेय, हे दुसरं. पुण्याला गेलात तर बाबांसाठी पगारी माणूस, मुरारच्या लष्करी रुग्णालयाची आणि माजी सैनिक आरोग्य योजनेची सोय, आणि वहिनींना काय हवंय ते, हे सगळं मांडून बघावं लागेल. वहिनी काय म्हणतात ते तुम्ही लिहिलंत, पण त्यांना स्वतःला काय हवंय ते पत्रात कुठेच नाही. फील्डवरच्या जवानांच्या कुटुंबांसाठी छावण्यांमध्ये वेगळी घरं असतात. त्यांना तिथे, आपल्यासारख्याच इतर बायकांमध्ये राहायला आवडेल का, की सासू-सासऱ्यांना सोडून जाणं त्यांना पटणार नाही? विचारा त्यांना. बाबांच्या समोर नाही, एकटं बसून विचारा.

दादाला “नोकरी सोडून ये” असं मात्र कुणीही म्हणू नका. जवानाला पेन्शनसाठी 15 वर्षांची सेवा पूर्ण व्हावी लागते. त्याची 13 झाली आहेत. रागाच्या भरात दोन वर्षं आधी सोडलं तर पुढची चाळीस वर्षं घर त्याचा हिशेब करत बसेल.

मग त्याने अर्ज करावा यासाठी काय करायचं? तो “माझी पोरं वर आहेत” म्हणतो, हे त्याचं खरं कारण आहे, सबब नाही. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला दुसरीही एक भीती असेल, जी तो बोलणार नाही. फौजेत वैद्यकीय श्रेणीला ‘शेप’ म्हणतात आणि त्यातलं पहिलंच अक्षर मनाच्या तब्येतीचं आहे. झोप येत नाही असं डॉक्टरला सांगितलं तर ‘शेप वन’ म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा शेरा जाईल, श्रेणी खाली येईल, बढती अडेल, ही धास्ती बराकीत घराघरांइतकीच पसरलेली आहे. धास्ती अगदी निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण सुरुवातीलाच सांगितलेली निद्रानाशाची तक्रार ही साधी तक्रार असते. दोन वर्षं दाबून ठेवलेली मग तशी राहत नाही. मनाच्या तब्येतीसाठी राष्ट्रीय ‘टेली मानस’ची 14416 ही मोफत फोन सेवा चोवीस तास चालते, मराठी-हिंदीतून बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी त्याच योजनेचा खास कक्ष डिसेंबर 2023 पासून पुण्यात सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे. त्या क्रमांकावर वहिनीही बोलू शकतात, तुम्हीही. आधी तुम्ही बोला. काय विचारतात, कसं बोलतात, हे तुम्ही अनुभवून सांगितलंत तर दादाला फोन करणं सोपं जाईल.

आणि अर्जाचं म्हणाल तर बदली ही एकच मागणी नसते. जवानाला वर्षाची 60 दिवसांची मोठी रजा आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते. रजा हक्काने मिळत नाही, कामाच्या गरजेप्रमाणे मिळते, हे खरं. पण ती तुकड्यांत पाडून घेता येते, वडिलांच्या उपचारांच्या तारखांशी जुळवता येते, आणि त्यासाठी ‘अर्जी रिपोर्ट’ला, म्हणजे साहेबांसमोर आपली मागणी मांडायला, उभं राहणं यात काही लाजिरवाणं नाही. रोज कुणी ना कुणी उभं राहतं. ‘आपली पोरं सोडून खाली ये’ हे त्याला जमणार नाही. ‘दिवाळीच्या आधी वीस दिवस बाबांसाठी ये’ हे कदाचित जमेल. तिथून सुरुवात करा. बदलीचा अर्ज करायचं ठरलंच तर बाबांच्या आजाराचे कागद नीट लावून ठेवा, आणि घरात धाकटा भाऊ आहे हे लपवू नका. चौकशीत ते निघतंच.

तो आला की स्टेशनवर सगळं घर नेऊ नका. तुम्ही एकटे जा. पहिले तीन दिवस त्याला कुठलाही निर्णय विचारायचा नाही, नातेवाइकांकडे जेवायला न्यायचं नाही. पुतण्याला आधीच सांगून ठेवा की त्याच्या बाबाला, म्हणजे दादाला, झोपेतून हलवून उठवायचं नाही, लांबून हाक मारायची. रात्री तो दारं तपासायला उठला तर “काय वेड्यासारखं करतोस” म्हणू नका. उठा, त्याच्याबरोबर एक फेरी मारा, चहा टाका. हात उगारल्याचं मात्र झाकू नका. दिवसाढवळ्या, शांतपणे, वहिनींनी त्याला सांगायचं की पोरगं घाबरलं होतं. त्याला ते माहीत आहे. माझी खात्री आहे की तो चार दिवस आधी निघून गेला तो त्याच कारणाने.

आता तो अपवाद. दादा कधी जगण्यात अर्थ नाही असं बोलला, स्वतःला किंवा कुणा साथीदाराला इजा करण्याचं एक वाक्य जरी तोंडातून गेलं, अचानक फोनवर निरोप घेतल्यासारखं बोलू लागला, विमा आणि खात्यांचे कागद वहिनींना समजावू लागला, तर त्याची परवानगी मागू नका. त्याच क्षणी युनिटला फोन करा: कंपनी कमांडर, सुभेदार मेजर साहेब, युनिटचे पंडितजी, त्याचा बडी म्हणजे जोडीदार जवान, जो मिळेल तो. त्याच्या हाताशी हत्यार असतं, म्हणून इथे उशीर नको. हे सगळे क्रमांक आजच लिहून फ्रिजवर लावून ठेवा. तो रागावेल. रागावू द्या.

एक काम राहिलं, आणि ते बाबांचं आहे. तुमच्या सांगण्याचं दादाला ओझं वाटेल, वहिनींच्या सांगण्याने अपराधी वाटेल. बाबांचं तो ऐकेल, कारण ते त्याच्याच पंगतीतले. श्रीलंकेहून परत आल्यावर पहिले काही महिने घरात कसे गेले, हे बाबांना विचारा. आईलाही विचारा, त्यांना जास्त आठवत असेल. तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता, दादाही नसेल, म्हणून तुम्हा दोघांना तो काळ ठाऊकच नाही. कदाचित बाबा उडवून लावतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. एखादी गोष्ट बोलले, झोपेची, रागाची, आईने काय सोसलं त्याची, तर ती त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्या. शेवटी त्यांना इतकंच म्हणायला सांगा, की डॉक्टरला झोपेचं सांग आणि अर्जी रिपोर्टला उभा राहा, माझी ना नाही. फोनवर नको, पत्रच पाठवा, दादाला ते एकट्याने चार वेळा वाचता येईल. सही बाबांना डाव्या हाताने करू द्या. 56 एपीओचं, म्हणजे फौजी टपालाचं, पत्र पोचायला वेळ लागतो आणि तुमच्याकडे दोन महिने आहेत, तेव्हा या आठवड्यातच टाका.